मोर्सचा प्रीक्वेल ‘एन्डेव्हर’: काकांना दाखवू की नको?

कोकमसरबत:

मंडळी, प्रश्न एवढासाच आहे पण मागची गोष्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे ‘इन्स्पेक्टर मोर्स’ (ऑक्सफर्डमधल्या पोलीस इन्स्पेक्टरची ती जुनी ब्रिटिश मालिका) म्हणजे घरातलाच माणूस. काका कधीकाळी कंपनीच्या कामाने इंग्लंडला गेले होते, येताना डीव्हीडींचा अख्खा संच घेऊन आले, ३३ भाग, आणि एकेक भाग म्हणजे सिनेमाच. मी तेव्हा कॉलेजात होते, दर शनिवारी रात्री एक असं करत आम्ही दोघांनी ते सगळे संपवले. काकू अर्ध्यात झोपायची आणि शेवटी दचकून उठून विचारायची, कोणी मारलं गं? आणि खरं सांगू का, बऱ्याचदा आम्हालाही धड सांगता यायचं नाही. मोर्स एकाला पकडणार, तो निर्दोष निघणार, मग दुसऱ्यावर संशय घेणार, तोवर हा दुसराच मेलेला! पण म्हणूनच तर आवडायचा. काका स्वतः पेपरातलं इंग्रजी शब्दकोडं सोडवल्याशिवाय आंघोळीला जात नाहीत, त्यामुळे त्यांना तर तो सख्खा भाऊच वाटतो.

आता पुढच्या महिन्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि नंतर तीन आठवडे ते माझ्याकडे राहणारेत. म्हटलं रोज संध्याकाळी ‘एन्डेव्हर’ लावू, तरुणपणीचा मोर्स, ३६ भाग आहेत, मस्त वेळ जाईल. तर काका फोनवर म्हणाले, "माझा मोर्स २००० सालीच गेला. गेलेल्या माणसाची आता मुंज कशाला लावताय?"

हसले मी, पण मलाही आतून तसंच वाटतंय म्हणून विचारतेय. पायलट आणि पहिल्या सीझनचे चार असे पाच बघितले मी. वाईट नाहीये, देखणं आहे, पण हा आपला मोर्स वाटतच नाही हो. हा पोरगा सुरुवातीला बिअरला हातही लावत नाही! आपला मोर्स म्हणजे "मी विचार करायला पितो" म्हणणारा आणि वर बिल हाताखालच्या बिचाऱ्या लुईसला भरायला लावणारा. दुसरं म्हणजे तो थर्सडे, तरुण मोर्सचा साहेब. रॉजर अलमचं काम अप्रतिम आहे, वादच नाही, पण हा माणूस मोर्सला बापासारखा होता तर मग ३३ भागांत मोर्स त्याचं नाव एकदाही का काढत नाही? असं कुठे असतं का?

तर ज्यांनी दोन्ही पूर्ण बघितलंय त्यांनी सांगा, जमलंय का हे? शेवटच्या भागातलं गुपित फोडू नका प्लीज.

उभाआडवा:

कोकमताई, काकांना माझा नमस्कार सांगा, मीही शब्दकोडंवाला.

आधी बिअरचं. पायलट परत बघा. हा पोरगा राजीनाम्याचं पत्र टाइप करून बसलेला असतो आणि एक शाळकरी मुलगी हरवली म्हणून त्याला ऑक्सफर्डला पाठवतात. पोस्टमॉर्टमला गेल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडतो (हे मूळ मोर्सचंच, रक्त बघवत नाही पण नोकरी खुनांची!) आणि मग थर्सडे त्याला पबात नेऊन पहिला ग्लास हातात देतो. दुसरा बाप जसा पोराला दूध प्यायला लावेल तशा मायेने. आता तुम्हाला माहितीये की पुढे हीच दारू त्याला पोखरणार आहे आणि २००० च्या शेवटच्या भागात तो कशाने जातो. म्हणजे ज्या माणसाने त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव लावला त्यानेच ही सवय लावली, तीही चांगुलपणाने. मला हा सीन बघून काटा आला होता. तुम्ही म्हणताय हा आपला मोर्स नाही, अहो नाहीच आहे तो अजून, तो कसा होतो तेच तर बघायचंय.

आणि दिसण्यावरून म्हणाल तर तरुण मोर्स झालेला शॉन एव्हन्स मूळ मोर्स झालेल्या जॉन थॉची नक्कल करत नाही हेच मला सगळ्यात आवडलं. थॉचा तो घोगरा आवाज आणि खेकसणं काढायला गेला असता तर गॅदरिंगमधली मिमिक्री झाली असती. त्याऐवजी त्याने बारीक गोष्टी उचलल्यात, समोरचा चुकीचं इंग्रजी बोलला की होणारी चिडचिड, बाईकडे बघताना आधी हरखणं आणि मग गडबडणं, आणि कोणी पहिलं नाव विचारलं की टाळणं. मूळ मालिकेत ते नाव सांगायला त्यांनी १९९७ पर्यंत वेळ घेतला हे लक्षात ठेवा. दहा वर्षं माणूस नुसता ‘मोर्स’! आणि इथे तेच नाव मालिकेच्या पाटीवर, तरी पात्रं त्याला मोर्सच म्हणतात.

आता काकांसाठी एक आमिष. पायलटमध्ये ‘ऑक्सफर्ड मेल’ची संपादक दिसते, डोरोथिया फ्रेझिल. ती मोर्सला विचारते की आपण आधी भेटलोय का, तो नाही म्हणतो, त्यावर ती म्हणते मग मागच्या जन्मी असेल. ते काम कोणी केलंय, अ‍ॅबिगेल थॉने, म्हणजे जॉन थॉच्या सख्ख्या मुलीने. आणि नावात कोडं आहे. फ्रेझिल म्हणजे वाहत्या थंड पाण्यात धरतात ते बर्फाचे बारीक कण. डी. फ्रेझिल, म्हणजे डी-आइस, म्हणजे बर्फ वितळवणे, म्हणजे... थॉ! काकांना उत्तर सांगू नका, नुसतं म्हणा की या बाईच्या नावात काहीतरी आहे.

निळासदरा:

उभाआडवा साहेबांनी फक्त साखर वाढलीये, मी जरा कारलं वाढतो.

पहिले दोन सीझन उत्तम, मान्य. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग ‘नेव्हरलँड’ तर मूळ मालिकेच्या कुठल्याही भागाच्या शेजारी बसवा, मुलांच्या त्या आश्रमाची गोष्ट आणि त्यात मोर्सचा सहकारी जेक्सचं जे होतं ते विसरता येत नाही. पण नंतर गाडी घसरायला लागते. तिसऱ्या सीझनमध्ये वाघ आहे. हो, वाघ!! ऑक्सफर्डजवळच्या हिरवळीत झाडांच्या चक्रव्यूहात पट्टेरी वाघ हिंडतोय आणि आपला मोर्स त्याच्यासमोर उभा. मी ताट खाली ठेवलं. मूळ मोर्समध्ये खून व्हायचे ते प्राध्यापकाची बढती, जुनं प्रेमप्रकरण, कोणाच्या तरी संशोधनाची चोरी असल्या कारणांनी, माणसं क्षुद्र असायची आणि म्हणून खरी वाटायची. इथे खुनी ऑपेराच्या क्रमाने खून करतोय, कोणी चिठ्ठ्या सोडतोय. आणि सातवा सीझन, व्हेनिस, ती व्हायोलेटा, कब्रस्तानात गोळीबार... अहो ती गुप्तहेर मालिका आहे की ऑपेरा? तीन भाग एकाच रडगाण्यात घातले.

दुसरं, प्रत्येक वाक्यात संदर्भ पेरायचा सोस. हे नाव त्या सिनेमातलं, ती पाटी त्या मालिकेतली, हे हॉटेल त्या कादंबरीतलं. मोर्सच्या कादंबऱ्या लिहिणारे कॉलिन डेक्स्टर मागे कुठेतरी बसलेले दिसायचे तेवढी गंमत पुरे होती. फोडणीत एवढी मोहरी घातली की डाळ दिसत नाही.

आणि थर्सडेबद्दल ताईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मूळ मालिकेत मोर्सचा गुरू म्हणून ज्याचा उल्लेख येतो तो मॅकनट, १९९० च्या ‘मेसॉनिक मिस्टरीज’मध्ये. (तो भाग डॅनी बॉयलने दिग्दर्शित केलाय बरं का, आपला स्लमडॉगवाला.) थर्सडे नावाचा प्राणी तिथे कुठेच नाही. प्रीक्वेलवाल्यांनी एक माणूस आणून ठेवला आणि मग नऊ सीझनभर त्याला घालवायचा कसा याची चिंता करत बसले.

कोकमसरबत:

@निळासदरा वाघ???? हे मला माहीतच नव्हतं, काका टीव्ही बंद करतील 😄

मळवाट:

वाघावरून आठवलं, तो वाघ मारतो कोण ते बघा. ब्राइट साहेब, थर्सडेचाही वरिष्ठ. काम केलंय अँटन लेसरने. एवढासा माणूस, सगळ्यांनी ज्याला खुर्चीला चिकटलेला समजून सोडून दिलेलं, तो हिंदुस्थानात नोकरी करून आलेला असतो आणि तिथला वाघाचा अनुभव त्याच्या मनातून गेलेला नसतो. हात थरथरत नाही त्याचा. वाघ हास्यास्पद आहे कबूल, पण त्या वाघामुळे ब्राइट कळतो. पुढे त्याच ब्राइटला वाहतूक शाखेत टाकतात आणि पेलिकन क्रॉसिंगच्या (पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायची सिग्नलवाली जागा) सरकारी जाहिरातीत जिवंत पेलिकन पक्ष्याशेजारी उभं करतात, रस्त्यावरची पोरं त्याला त्यावरून चिडवतात. साम्राज्यातून आलेला माणूस १९६९ साली पक्ष्याशेजारी उभा. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात चांगलं पात्र.

थेम्सकाठी:

मी रेडिंगला राहतो, ऑक्सफर्डला कामासाठी येणंजाणं असतं म्हणून थोडं माझंही. पाहुणे आले की त्यांना रँडॉल्फ हॉटेलातला मोर्स बार दाखवायचा हे आता आमचं पंढरपूरच झालंय, दोन बिअरचं बिल बघून पाहुणे गप्प होतात ते वेगळं.

मला एन्डेव्हर मूळ मालिकेपेक्षा एका बाबतीत सरस वाटते आणि ती बाब म्हणजे गाव. मूळ मोर्सचं ऑक्सफर्ड म्हणजे बहुतेक कॉलेजं, लॉन, शेरीचे ग्लास. बाहेरून आलेल्यालाही तेवढंच दिसतं, घुमट आणि सायकली. पण ऑक्सफर्डला काउली आहे, जिथे मॉरिसचा मोटारींचा कारखाना होता, हजारो कामगार, चाळीसारखी एकाला एक लागून घरं. प्रीक्वेलमध्ये पोलीस ठाणंच काउलीत ठेवलंय, त्यामुळे गोष्ट आपोआप त्या बाजूने बघितली जाते. थर्सडे कॉलेजच्या फाटकातून आत जातो तेव्हा टोपी काढताना त्याचा चेहरा बघा, आणि मोर्स मात्र दोन्हीकडचा आणि कुठलाच नाही, कॉलेज अर्धवट सोडलेला टॅक्सीवाल्याचा मुलगा. आपल्याकडे वाड्यावरचा हुशार गरीब मुलगा जसा ना वाड्यातला ना वस्तीतला, तसं.

आणि काळ. १९६५ ते १९७२ असा सात वर्षांचा प्रवास आहे. १९६८ ला पाच पोलीसदलं मिळून थेम्स व्हॅलीचं एकच दल झालं, हे खरं घडलेलं आहे, आणि मालिकेत त्यामुळे त्यांचं ठाणं बंद होतं, माणसं विखुरतात, मोर्स गणवेशात एका कोपऱ्यातल्या चौकीवर जाऊन पडतो (मिशी ठेवून! ती मिशी मात्र माफ करण्यासारखी नाही). सातव्या सीझनमध्ये ‘रागा’ नावाचा भाग आहे, एक हिंदुस्थानी रेस्टॉरंट, निवडणूक, बाहेरून आलेल्यांविरुद्ध भाषणं देणारा उमेदवार. इथे तीस वर्षं राहिल्यावर तो भाग मी एकदाच बघितला, परत लावला नाही. निळासदरा, सातवा सीझन तुम्ही एका वाक्यात मोडीत काढलात, हा भाग तेवढा वेगळा काढा.

निळासदरा:

@थेम्सकाठी काढला. तेवढाच.

पाटी_पेन्सिल:

मी मूळ मोर्स बघितलेलाच नाही 🙈 डायरेक्ट एन्डेव्हर बघितली आणि जाम आवडली. थर्सडेच्या बायकोने दिलेलं सँडविच, मोर्स न बघता ओळखतो आज आत काय आहे, कारण वार ठरलेले, सोमवारी चीज आणि पिकल. आमच्या हीचं असंच आहे, बुधवारी डब्यात मटकी म्हणजे मटकी, ऑफिसात सगळ्यांना पाठ. मला वाटतं प्रीक्वेल जमली की नाही याची एक साधी परीक्षा ही की मूळ न बघितलेल्याला ती पुरते का. मला पुरली.

उलट ‘प्राइम सस्पेक्ट १९७३’ बघा. ‘प्राइम सस्पेक्ट’मधल्या हेलन मिरेनच्या पोलीस अधिकारी जेन टेनिसनचं तरुणपण, २०१७ ला आली, सहा भागांत गुंडाळली. आणि तो ‘यंग वॉलँडर’, स्वीडिश पोलीस अधिकाऱ्याचा, तरुणपण दाखवायचं म्हणून वॉलँडरला सरळ आजच्या काळात आणून ठेवला, मोबाइलसकट. ते प्रीक्वेल कसलं, ते नावाचं भाडं.

उभाआडवा:

"नावाचं भाडं" 👌

जर्सीकर मावशी:

मी बहुधा तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठी. आम्ही मोर्स बघितला तो इथे अमेरिकेत, पीबीएसवर, नव्वदीत. मुलं झोपली की मी आणि हे, खाली बेसमेंटमध्ये, आवाज बारीक करून. सुरुवातीचं ते संगीत लागलं की हे बोटाने खुर्चीच्या हातावर ठोके द्यायचे, कारण त्यात मोर्स कोडमध्ये मोर्सचं नावच वाजतं, बॅरिंग्टन फेलाँगने तसं रचलंय. ह्यांना रेडिओचा नाद, ह्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि त्याचा केवढा अभिमान.

एन्डेव्हर मी एकटीने बघितली. कोकम, तू विचारतेस जमली का, तर मी तुला एक सांगते. सगळी बघून झाल्यावर मी मूळचा शेवटचा भाग परत लावला. ‘द रिमोर्सफुल डे’. त्यात मोर्स दवाखान्यात आहे, लुईस जवळ नाहीये, कॉटशेजारी आहे तो जाडजूड, कुरकुरा, बढतीच्या कागदांत अडकलेला चीफ सुपरिटेंडेंट स्ट्रेंज. आणि मोर्स त्याला म्हणतो, माझ्यातर्फे लुईसला थँक्स सांग. आधी जेव्हा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं, अरेरे, शेवटच्या वेळी जवळ कोण तर हा साहेब, लुईस हवा होता. आता बघितलं तर तिथे तो साहेब नव्हता गं, तिथे जिम स्ट्रेंज होता. गणवेशातला, ट्रॉम्बोन वाजवणारा, मोर्सला ‘मेटी’ म्हणणारा, अभ्यासात मागे पण माणूस म्हणून पक्का, एका खोलीवर त्याच्यासोबत राहिलेला. पस्तीस वर्षांची ओळख त्या खुर्चीत बसली होती आणि २००० साली ती कोणालाच माहीत नव्हती, लिहिणाऱ्यांनाही नाही. जुन्या सीनमधली एक रेघ बदललेली नाही आणि सीन मात्र दुसराच झाला. मी टीव्ही बंद करून बराच वेळ तशीच बसले.

थर्सडेचं नाव का येत नाही याचं कारण त्यांनी शेवटच्या भागात दिलंय, फोडत नाही. मला ते कारण ओढूनताणून आणलेलं वाटलं, निळ्या सदऱ्याचं तिथे बरोबर आहे. पण आमच्या ह्यांच्याविषयी मीही लोकांत फारसं बोलत नाही. जो जवळचा त्याचं नाव लोक घेतातच असं काही नाही बाळा.

निळासदरा:

मावशी, इथे माझी विकेट गेली. स्ट्रेंजचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आज रात्री लावतो परत.

वाघ मात्र नाही म्हणजे नाही.

कोकमसरबत:

सगळ्यांचे आभार, मावशी तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

(साडेपाच आठवड्यांनी अपडेट टाकतेय, धागा वर आणल्याबद्दल सॉरी.)

काका आले, गुडघा ठीक आहे, फिजिओवाल्या मुलीशी रोज भांडण. पहिले चार दिवस क्रिकेटच. पाचव्या दिवशी पाऊस, सामना बंद, मी काही न बोलता पायलट लावला. काका पेपर तोंडापुढे धरून बसले, म्हणजे मी बघत नाहीये बरं का. अर्ध्या तासाने पेपर मांडीवर. पबातला सीन आला तेव्हा नुसतं "हं" म्हणाले. शब्दकोड्यातल्या खुणांवरून त्या मुलीचं प्रकरण उलगडायला लागलं तेव्हा पेन शोधायला लागले!

मग मी उभाआडवांनी सांगितलेलं टाकलं, की काका, त्या संपादक बाईच्या नावात काहीतरी आहे म्हणे. काकांनी पेपरच्या कडेला नाव लिहिलं, अक्षरं उलटसुलट केली, काहीच लागेना. "पॉज कर" म्हणाले. मी पॉज करून खिचडी टाकायला गेले. शिट्टी व्हायच्या आत हाक आली. गेले तर काका डिक्शनरी घेऊन बसलेले, चष्मा कपाळावर. म्हणाले, "ही त्याची मुलगी आहे का गं?"

शेवटी तो आरशाचा सीन. थर्सडे विचारतो वीस वर्षांनी तू कुठे असशील, आणि पोरगा गाडीच्या आरशात बघतो तर तिथे जॉन थॉचे डोळे, आणि ते संगीत. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी रिमोट मागितला, स्वतः मागे नेऊन ते तेवढं परत बघितलं. आणि मग नेहमीच्या आवाजात, "मुलगा बरा आहे. पण गाडी काळी का? जॅग्वार लाल पाहिजे."

मी सांगितलं की लाल यायची आहे अजून, ती शेवटच्या भागात दिसते म्हणे. तर म्हणाले, शेवटचा कितवा? म्हटलं ३६ वा. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "म्हणजे तीन आठवड्यांत होत नाही. रोज दोन लावावे लागतील."

काल ११ वा झाला. काका अजून इथेच आहेत, गुडघा कधीच बरा झालाय. आज वाघ आहे, देव करो.